वीस वर्षांची नोकरी, तीन वेगळे हिशेब

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीचे वारे वाहू लागले की एखाद्या सनदी अधिकाऱ्याने ‘राजीनामा’ दिल्याची बातमी झळकते. मथळ्यात राजीनामा असतो, खालच्या मजकुरात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत ‘आता जन्मभर लाखाची पेन्शन घेणार’ असा निकाल लागलेला असतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. राजीनामा असेल तर जुन्या योजनेतली पेन्शन नाही. स्वेच्छानिवृत्ती असेल तर आहे, पण किती आणि कोणत्या वयापासून, हे त्या अधिकाऱ्याने कोणत्या वर्षीची परीक्षा दिली त्यावर अवलंबून आहे. २००५ च्या बॅचचा अधिकारी आणि २००६ च्या बॅचचा अधिकारी यांनी वीस वर्षे पूर्ण करून एकाच दिवशी खुर्ची सोडली, तरी त्यांच्या हातात पडणाऱ्या रकमेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाचकांना सोडाच, खुद्द अधिकाऱ्यांनाही हा फरक नोटीस दिल्यावर कळतो. म्हणून हे पत्र.

आधी राजीनाम्याचे पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ४६ आणि अखिल भारतीय सेवांच्या (प्रशासकीय, पोलीस, वन) १९५८ च्या मृत्यू-नि-सेवानिवृत्ती लाभ नियमांतील नियम ५ यांचा अर्थ एकच: राजीनामा मंजूर झाला की मागची सगळी सेवा पेन्शनपुरती बुडाली. अपवाद एवढाच, की रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला तांत्रिक राजीनामा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये बीएसईएस यमुना पॉवर विरुद्ध घनश्याम चंद शर्मा या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. दिलेला राजीनामा नंतर स्वेच्छानिवृत्ती म्हणून वाचता येत नाही, मग सेवा कितीही झालेली असो. परत फिरण्याची वाटही अरुंद आहे. राजकीय पक्षाशी संबंध जोडण्यासाठी किंवा खासगी कंपनीत जाण्यासाठी दिलेला राजीनामा मागे घेण्याची विनंती केंद्राने मान्य करू नये, असे अखिल भारतीय सेवांचे नियम २०११ पासून सांगतात.

मग वीस वर्षे झालेला माणूस राजीनामा देतोच कशाला? घाई, हे त्याचे उत्तर. उमेदवारी अर्जाच्या छाननीच्या वेळी सरकारी लाभाचे पद अंगावर असेल तर अर्ज बाद होतो. राजीनामा एका दिवसात मंजूर होऊ शकतो, स्वेच्छानिवृत्तीला तीन महिन्यांची नोटीस लागते. पण ही मुदत कमी करून मागण्याची सोय नियमांतच आहे. कारण देऊन लेखी विनंती करायची आणि सक्षम प्राधिकाऱ्याला पटली तर मुदत शिथिल होते. निवडणुकीचे वेळापत्रक पाच वर्षे आधीपासून ठाऊक असते. तिकिटाचे नक्की होईपर्यंत थांबायचे आणि आचारसंहितेच्या तोंडावर राजीनामा द्यायचा, यात वीस-बावीस वर्षांची पेन्शन जाते. त्याला नियमाचा जाच म्हणता येणार नाही.

आता नोटीस. अखिल भारतीय सेवांसाठी त्याच १९५८ च्या नियमांतील नियम १६ मध्ये दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पोटनियम (२) प्रमाणे ज्याचे वय ५० झाले किंवा अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा ३० वर्षे झाली, तो राज्य शासनाला किमान तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होऊ शकतो. निलंबित असेल तरच विशेष मंजुरी लागते. पोटनियम (२अ) हा वीस वर्षे सेवा झालेल्या, पण पन्नाशीच्या आतल्या आणि तीस वर्षे न भरलेल्या अधिकाऱ्यासाठी आहे. त्यात केंद्र सरकारची मान्यता लागते: भारतीय प्रशासकीय सेवेसाठी कार्मिक विभागाची, पोलीस सेवेसाठी गृह मंत्रालयाची आणि वन सेवेसाठी पर्यावरण मंत्रालयाची. एक्कावन्न वर्षांच्या अधिकाऱ्याने जुना मसुदा उतरवून काढताना ‘१६(२अ) अन्वये’ असे लिहिले की फाइल विनाकारण दिल्लीच्या वाटेला लागते. उपजिल्हाधिकारी संवर्गातून बढतीने आलेल्यांची आधीची राज्यसेवा पेन्शनसाठी धरली जाते आणि बढतीपर्यंत त्यांचे वय बहुधा पन्नाशीच्या आसपास आलेलेच असते. त्यांनी (२अ) कडे पाहण्याचे सहसा कारणच नसते.

राज्य सेवेतल्यांसाठी १९८२ च्या नियमांतील नियम ६६ आहे. वीस वर्षे अर्हताकारी सेवा, तीन महिन्यांची नोटीस, नियुक्ती प्राधिकाऱ्याची मान्यता. त्यात महत्त्वाची एक ओळ अशी, की नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी मान्यता नाकारल्याचे कळवले नाही, तर मुदत संपताच निवृत्ती आपोआप अमलात येते. केंद्रीय सेवांच्या नियमांतही अशीच तरतूद आहे. बी. जे. शेलत विरुद्ध गुजरात राज्य (१९७८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की परवानगी रोखायची असेल तर ती मुदतीच्या आत कळवलीच पाहिजे. मात्र ही ओळ प्रत्येक नियमावलीत नसते. २०१८ मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध अचल सिंह या प्रकरणात त्याच न्यायालयाने सरकारी डॉक्टरांना सांगितले, की तुमच्या राज्याच्या नियमात आपोआप निवृत्ती नाही आणि लोकहितासाठी सरकार अर्ज रोखू शकते. म्हणून ‘तीन महिने झाले, मी सुटलो’ असे म्हणून दुसऱ्या दिवसापासून कार्यालयात न जाणे धोक्याचे. आधी आपला नियम शब्दशः वाचावा. तो अनुकूल असला तरी मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी स्मरणपत्र द्यावे आणि कार्यभार लेखी सोपवावा. नाहीतर अनधिकृत गैरहजेरीचे दोषारोपपत्र घरी येते, आणि मग निवृत्ती झाली होती की नव्हती या वादात न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

नोटिशीचा मजकूर जेवढा कोरडा तेवढा चांगला. अमुक नियमाखाली, अमुक तारखेपासून, निवृत्त होऊ इच्छितो. बस्स. ‘बदली रद्द झाली नाही तर’, ‘माझ्यावरील अन्यायाच्या निषेधार्थ’ असली वाक्ये घातली की ती सशर्त नोटीस ठरते, आणि सशर्त नोटीस ही नोटीसच नव्हे असा शेरा मारायला कुणाला फार विचार करावा लागत नाही. ती द्यायची ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे आणि आवक क्रमांकासह पोच घ्यायची. समाजमाध्यमावर टाकलेले पत्र किंवा मंत्र्यांच्या हाती दिलेला कागद यांना नियमात स्थान नाही. प्रतिनियुक्तीवर दिल्लीत असलेल्या सनदी अधिकाऱ्यानेही नोटीस आपल्या संवर्गाच्या राज्य शासनाला द्यायची असते, फक्त मंत्रालयातल्या वरिष्ठांना दिली तर मुदत सुरूच होत नाही. शिल्लक रजा नोटिशीच्या काळात घेता येते. अंशराशीकरणाचा, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेण्याचा, अर्ज मात्र, मुदत कमी करून घेतली असली तरी, मूळचे तीन महिने संपण्याआधी करता येत नाही.

तारखेबद्दल थोडे. वयोमानाने निवृत्त होणाऱ्याचा शेवटचा दिवस कामाचा धरतात. स्वेच्छानिवृत्तीची तारीख कामाचा दिवस धरली जात नाही. वीस वर्षे ज्या दिवशी भरतात त्याच दिवसाची तारीख नोटिशीत घातली तर एका दिवसाने सेवा अपुरी निघू शकते, आणि १९ वर्षे ३६४ दिवसांना स्वेच्छानिवृत्ती मिळत नाही. निदान महिनाभराचे अंतर ठेवावे. ते अंतर १ जानेवारी किंवा १ जुलैच्या वेतनवाढीच्या पलीकडे गेले तर उत्तम.

खरा घोळ मात्र ‘अर्हताकारी’ या शब्दापाशी होतो. कॅलेंडरची वीस वर्षे आणि पेन्शनसाठी धरली जाणारी वीस वर्षे सारखी नसतात. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण रजा सहसा धरली जात नाही. परदेशात शिकायला गेलेल्यांनी अध्ययन रजा संपल्यावर जी वर्ष-दीड वर्षाची असाधारण रजा जोडलेली असते, ती इथे अडते. जोडीदाराच्या परदेशी नेमणुकीसोबत गेलेल्यांचेही तसेच. परसेवेत, म्हणजे महामंडळात किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेत घालवलेली वर्षे धरली जातात, पण त्या काळाचे निवृत्तिवेतन अंशदान जमा झाल्याची नोंद असेल तर. दोन-तीन बदल्यांनंतर त्या चलनांचा माग कुणालाच लागत नाही. निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा आदेश निघालेला नसेल तर तो हवेतच राहतो. हे सगळे नोटीस दिल्यावर तपासायचे नसते. केंद्रीय नियमांत अठरा वर्षे सेवा झाल्यावर सेवापडताळणीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ते मागून घ्यावे. राज्यातल्यांनी सेवापुस्तकाची छायाप्रत घेऊन प्रत्येक वर्षाखाली ‘सेवा पडताळली’ हा शेरा आहे का आणि वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का, हे आधी पाहावे. वेतननिश्चितीत पंधरा वर्षांपूर्वी झालेली चूक पेन्शनच्या वेळीच नेमकी सापडते, आणि तिची वसुली उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) होते.

दक्षता मंजुरी, म्हणजे चौकशी किंवा खटला नसल्याचा शेरा, हा दुसरा अडसर. मोठ्या शिक्षेसाठी विभागीय चौकशी चालू असेल किंवा योजलेली असेल, किंवा खटल्याची परवानगी विचाराधीन असेल, तर मान्यता रोखता येते. ‘योजलेली’ या शब्दात बरेच काही मावते. नोटीस आल्यावर जुनी निनावी तक्रार कपाटातून निघते, तिच्यावर खुलासा मागवला जातो आणि तेवढ्यावर अर्ज फेटाळतात. हे चूक आहे. चौकशी योजली आहे असे म्हणायला सक्षम प्राधिकाऱ्याने कागदावर तसा निर्णय घेतलेला हवा. चौकशी चालू असताना निवृत्ती झालीच, तर तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, उपदान आणि अंशराशीकरण थांबते. चौकशी निवृत्तीनंतरही पुढे चालते. निवृत्ती घेतली म्हणजे पळवाट मिळाली, हा जनतेतला समज म्हणूनच बराचसा चुकीचा आहे.

नोटीस मागे घेता येते का? येते, पण निवृत्तीची तारीख उजाडण्याआधी, आणि मान्यता मिळून गेली असेल तर शासनाच्या संमतीने. बलराम गुप्ता विरुद्ध भारत सरकार (१९८७) मध्ये कारण रास्त असताना आडमुठेपणाने नकार देऊ नये असे न्यायालयाने म्हटले. तारीख उलटल्यावर काहीही करता येत नाही.

आता पैशाकडे वळू, कारण मूळ मुद्दा तिथे आहे.

जुन्या पेन्शनमध्ये, म्हणजे वेतनाच्या ठराविक टक्क्यांची पेन्शन सरकार देते त्या योजनेत, पूर्वी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षे सेवा लागायची. वीस वर्षांनी जाणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत वाढीव सेवा धरून दिली जाई. म्हणजे पंचवीस भागिले तेहतीस, अर्थात पगाराच्या पन्नास टक्क्यांऐवजी सुमारे अडतीस टक्के. सहाव्या वेतन आयोगाने केंद्रात ही ३३ वर्षांची सांगड काढून टाकली आणि २००८ पासून वाढीव सेवेची सवलतही बंद झाली. तेव्हापासून वीस वर्षांनी जाणाऱ्याला आणि पस्तीस वर्षे घासणाऱ्याला टक्केवारी एकच: अखेरच्या वेतनाच्या किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या पन्नास टक्के, जे जास्त असेल ते. माझ्या मते ती चूक होती. पंचेचाळिसाव्या वर्षी खासगी क्षेत्रात जाणाऱ्या अधिकाऱ्याला सरकारी तिजोरीतून तहहयात अर्धा पगार, तोही महागाईसह, देण्याचे कारण कुणी कधी नीट सांगितलेले नाही.

आकडे घेऊ. मूळ वेतन १,४०,००० रुपये, सेवा वीस वर्षे, वय ४६. महागाई भत्ता १ जुलै २०२५ चा ५८ टक्के. जुन्या योजनेत असेल तर पेन्शन ७०,००० आणि त्यावर महागाई वाढ धरून १,१०,६०० रुपये, दुसऱ्या महिन्यापासून. चाळीस टक्के, म्हणजे २८,००० रुपये, अंशराशीकरण केले तर पुढल्या वाढदिवसाच्या ४७ वर्षांसाठी तक्त्यातला गुणक ८.९४३ आहे. २८,००० गुणिले १२ गुणिले ८.९४३, म्हणजे ३०,०४,८४८ रुपये हातात. ही वजावट पंधरा वर्षांनी थांबते, आणि महागाई वाढ या काळातही पूर्ण पेन्शनवरच मिळते. साठीला निवृत्त होणाऱ्याला पुढल्या वाढदिवसाच्या ६१ वर्षांसाठी गुणक ८.१९४ मिळतो. म्हणजे लवकर जाणाऱ्याला इथेही थोडे जास्तच. उपदान: प्रत्येक पूर्ण सहामाहीला वेतन अधिक महागाई भत्त्याच्या एक चतुर्थांश. चाळीस सहामाह्या म्हणजे दहा महिन्यांचे, २२,१२,००० रुपये. केंद्रात कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे, राज्यात १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख. यावर शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण, कमाल ३०० दिवस.

हे झाले २००५ च्या बॅचपर्यंतच्यांचे. वास्तविक नवी योजना, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस), केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आली, पण ज्या पदांची जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वी निघाली होती त्यांना २०२३ मध्ये जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय दिला गेला. नागरी सेवा परीक्षा २००४ ची जाहिरात त्या डिसेंबरच्या सुरुवातीची, म्हणून त्या परीक्षेतून आलेली २००५ ची बॅच जुन्या योजनेच्या काठावर राहिली. राज्यात काठ १ नोव्हेंबर २००५ चा आहे, आणि २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने इथेही जाहिरातीच्या तारखेचा तोच न्याय लावला.

२००६ च्या बॅचची वीस वर्षे २०२६ मध्ये भरतात. प्राप्तिकर, सीमाशुल्क, लेखापरीक्षा अशा केंद्रीय सेवांतला हाच अधिकारी घ्या, तेच वेतन, तेच वय. तो एनपीएसमध्ये असेल, तर त्याचे स्वतःचे दहा टक्के आणि सरकारचे, आता चौदा टक्के, यांतून साठलेला निधी हीच त्याची पेन्शन. पेन्शन विभागाच्या ११ ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शनानुसार वीस वर्षांनंतर रीतसर स्वेच्छानिवृत्ती घेतली तर वयोमानाने निवृत्त झाल्याप्रमाणेच लाभ मिळतात: साठ टक्के रोख, चाळीस टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे ती रक्कम विमा कंपनीत भरून घेतलेली पेन्शन. राजीनामा दिला तर उलटे: वीस टक्के रोख आणि ऐंशी टक्के वार्षिकीत अडकवायचे. निधी एक कोटी धरला तर रोख रक्कम साठ लाख किंवा वीस लाख, एका शब्दाच्या फरकाने. चाळीस लाखांच्या वार्षिकीवर साडेसहा टक्के दर धरला तर महिन्याला सुमारे २१,६६७ रुपये, त्यावर महागाई वाढ नाही आणि प्राप्तिकर मात्र आहे. वार्षिकी पुढे ढकलता येते, खाते चालू ठेवता येते. शेजारच्या खोलीतल्या एक बॅच ज्येष्ठ सहकाऱ्याचे १,१०,६०० आठवा.

आणि तो १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत, यूपीएसमध्ये गेला असेल तर? तिथे पंचवीस वर्षांना बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या पन्नास टक्क्यांची हमी आहे. सप्टेंबर २०२५ च्या नियमांनी वीस वर्षांनंतरच्या स्वेच्छानिवृत्तीलाही प्रमाणशीर हमी दिली. आपल्या उदाहरणात ७०,००० च्या वीस-पंचविसांश, म्हणजे ५६,००० रुपये. ऐकायला बरे वाटते. पण ही रक्कम सुरू होते तो ज्या दिवशी वयोमानाने निवृत्त झाला असता त्या दिवसापासून. सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसला तर साठीपर्यंत चौदा वर्षे महिन्याला शून्य. महागाई वाढही हमी रक्कम सुरू झाल्यावरच. मधल्या काळात त्याला उपदान, रजेचे पैसे आणि प्रत्येक सहामाहीला वेतन-महागाईच्या एक दशांश प्रमाणे एकरकमी ८,८४,८०० रुपये मिळतील. निधीतून साठ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, पण त्या प्रमाणात हमी घटते. पूर्ण साठ टक्के काढले तर साठीनंतरचे ५६,००० चे २२,४०० होतात. मधल्या काळात मृत्यू झाला तर मृत्यूच्या तारखेपासून कुटुंबाला साठ टक्के, मात्र ‘कुटुंब’ म्हणजे फक्त विवाहित जोडीदार. जुन्या योजनेत अपंग अपत्यालाही आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. घरात असे अपत्य असलेल्याने यूपीएसमधून लवकर बाहेर पडण्याआधी दहा वेळा विचार करावा.

लवकर बाहेर पडायचे मनात असेल तर यूपीएसमधून एनपीएसमध्ये परत जाण्याची एक संधी आहे, एकदाच. वयोमानाने निवृत्त होणाऱ्याने एक वर्ष आधी आणि स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याने निवृत्तीच्या तारखेच्या तीन महिने आधी ती वापरायची असते. परत गेल्यावर सरकारच्या अंशदानातला चार टक्क्यांचा फरक निधीत जमा होतो, हमी मात्र जाते. आता गणित करून पाहा: नोटीसही तीन महिन्यांची आणि पर्यायाची मुदतही तीन महिन्यांची. म्हणजे आधी नोटीस द्यायची आणि मग सावकाश पर्यायाचा विचार करायचा, असे केले तर वेळ गेलेली असते. नोटिशीची मुदत कमी करून घेतली तर हमखास. दोन्ही कागद एकाच दिवशी, किंबहुना पर्यायाचा आधी, गेला पाहिजे. दोन वेगळ्या नियमावल्यांतल्या या दोन मुदती कुणी एका पानावर शेजारी छापलेल्या नाहीत.

राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर आलेल्यांसाठी महाराष्ट्राने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आणली. तिची चर्चा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याभोवतीच फिरली. वीस वर्षांनी जाणाऱ्याच्या हातात काय पडणार, याची कोष्टके प्रत्येक विभागाने लावली पाहिजेत, कारण या मंडळींचीही वीस वर्षे भरू लागली आहेत.

निवृत्तीनंतरच्या नोकरीचेही सांगायला हवे. वरिष्ठ पदांवरून निवृत्त झालेल्याला पहिल्या वर्षात व्यावसायिक नोकरी पत्करायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. सल्लागार म्हणून बसणे, भागीदारी, स्वतःची सल्लासेवा, सगळे त्यात आले. परवानगीविना गेला तर पेन्शन पूर्ण किंवा अंशतः रोखता येते. अर्ज करताना गेल्या काही वर्षांत त्या कंपनीशी आलेले सरकारी संबंध, तिला दिलेले परवाने, कंत्राटे यांची माहिती द्यावी लागते, आणि ती अर्धवट दिली की प्रकरण कुजते. गंमत अशी, की कंपनीत जायला वर्षभर थांबा आहे, पक्षात जायला एक दिवसाचाही नाही. शिवाय या नियमाचा सगळा धाक पेन्शन रोखण्याच्या अधिकारावर उभा आहे. ज्याची पेन्शन विमा कंपनीच्या वार्षिकीतून येते त्याला हा धाक किती राहणार, याचा विचार सरकारला लवकरच करावा लागेल.

सरकारने स्वतःहून काढलेली मुदतपूर्व निवृत्ती वेगळी. पन्नास-पंचावन्न वर्षे वयाला किंवा तीस वर्षे सेवेला होणाऱ्या पुनर्विलोकनातून तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन घरी पाठवता येते. ती शिक्षा नव्हे, पेन्शन मिळते. शिस्तभंगाच्या कारवाईतली सक्तीची सेवानिवृत्ती ही शिक्षा आहे आणि तिच्यात पेन्शन-उपदानाला कात्री लागू शकते. बातमीत दोन्हींना ‘सक्तीने घरी बसवले’ असेच लिहितात.

जुनी तरतूद फार सढळ होती असे वर म्हटले. नवी दुसऱ्या टोकाला गेली आहे. साठीपर्यंत थांबायला लावणे मला तत्त्वतः मान्य आहे, कारण मधल्या काळात माणूस कमावता असतो. पण चौदा वर्षे जुन्या मूळ वेतनावर बेतलेली ५६,००० ची रक्कम मध्ये येणाऱ्या वेतन आयोगांमधून कशी नेली जाणार, हे उदाहरणासह छापील स्वरूपात आले पाहिजे. आणि पंचावन्नाव्या वर्षापासून घटीव दराने हमी घेण्याचा पर्याय द्यायला हरकत नसावी. पाच वर्षे आधी घेतली म्हणून किती कमी, हे विमागणितज्ञ एका दुपारात काढून देतील.

दरम्यान दोन गोष्टी नियम न बदलता करता येतील. अठरा वर्षे सेवा झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला अर्हताकारी सेवेच्या प्रमाणपत्रासोबत एक पान द्यावे: आज राजीनामा दिला तर काय, वीस वर्षांनी गेला तर काय, पंचवीसने काय, वयोमानाने काय, आणि योजना बदलायची शेवटची तारीख कोणती. आणि नोटीस मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत दक्षता विभागाने ‘चौकशी आहे’ किंवा ‘नाही’ एवढे, सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाचा क्रमांक व तारीख घालून, लेखी कळवावे. क्रमांक-तारीख नसेल तर चौकशी नाही असे समजून फाइल पुढे सरकवावी.

आपला,
निवृत्तिवेतन प्रकरणे हाताळलेला एक निवृत्त लेखाधिकारी, पुणे